राडारोड्यावरचा वाफा

आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला, वॉचमनची खोली आणि कंपाउंडची भिंत यांच्या मध्ये, दोन गुंठ्यांना थोडी कमी अशी एक जागा होती. इमारती उभ्या राहिल्यावर उरलंसुरलं सगळं बिल्डरने तिथे लोटून दिलं होतं. विटांचे तुकडे, फुटक्या टाइल्स, पावसात भिजून दगड झालेली सिमेंटची पोती, वाकड्या सळया. पुण्यात याला राडारोडा म्हणतात. त्यावर दरवर्षी पहिल्या पावसानंतर गाजरगवत कमरेएवढं माजायचं. या गवताकडे आपल्या देशात पहिल्यांदा लक्ष गेलं ते १९५०च्या दशकात, आणि तेही पुण्यातच. आता ते कुठे नाही असं गाव शोधावं लागेल. मुलांचा चेंडू त्यात गेला तर मुलं चेंडूवर पाणी सोडून घरी जायची.

चार वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत या जागेचा विषय निघाला. तिथे फरशी घालून आठ गाड्या लागतील, असा हिशेब मांडून झाला होता आणि बहुतेकांना तो पटलाही होता. मी उभी राहिले आणि म्हणाले, एक वर्ष ही जागा आम्हाला द्या, तिथे नमुन्याची परसबाग करून दाखवतो. जमलं नाही तर मी स्वतः फरशीवाल्याला फोन करेन. आमच्या चेअरमनकाकांनी थोडा विचार करून मान हलवली. एक वर्षाची मुदत मिळाली.

‘नमुन्याची’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला होता. आमच्याकडे शहाण्णव घरं आहेत. एवढ्या घरांना पुरेल इतकी भाजी दोन गुंठ्यांत पिकत नाही आणि ते आमिष कुणाला दाखवायचंही नव्हतं. पण बी रुजताना बघायचं, खत कसं होतं ते हात घालून पाहायचं आणि मग घरी जाऊन गॅलरीतल्या दोन कुंड्यांत तेच करून बघायचं, एवढं त्या जागेत नक्की होण्यासारखं होतं. माझं माहेर कराडजवळचं. घरामागे न्हाणीचं पाणी जिथे जायचं तिथे अळू आणि दोन केळी, पलीकडे वालाचा मांडव, कडेला कढीपत्ता. आम्हा भावंडांना कुणी बागकाम शिकवल्याचं आठवत नाही. ते डोळ्यांसमोर होतं म्हणून आलं. माझ्या मुलीच्या डोळ्यांसमोर असं काहीच नव्हतं.

डोक्यात आणखीही काही होतं. मुंबई बंदरात प्रीती पाटील यांनी कॅन्टीनच्या गच्चीवर, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यातून बाग उभी केली. २००२च्या सुमाराला हे काम सुरू झालं आणि पुढे मुंबईतल्या कितीतरी लोकांनी तिथे जाऊन, बघून आपापल्या गच्च्या हिरव्या केल्या. त्याही आधी कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर. गणिताचे प्राध्यापक, पण त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. शेतकऱ्याने आपल्याच तुकड्यावर प्रयोग करायचा, नोंद ठेवायची आणि दुसऱ्या प्रयोग करणाऱ्याला सांगायची, अशी ती रीत. तासगावच्या द्राक्षबागायतदारांनी या वाटेने जे शास्त्र आत्मसात केलं ते थक्क करणारं आहे. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटत आली आहे. ती म्हणजे जो करतो त्याच्याकडे ज्ञान आहे, हे आधी मान्य करायचं. मला ती तोंडपाठ होती. अंगी मुरायला दोन वर्षं लागली.

पहिल्या रविवारी आम्ही सात जण जमलो. टिकाव, पहार, दोन फावडी, चार घमेली. पहिला घाव घातला तो सिमेंटच्या पोत्यावर, ठिणगी उडाली. तीन रविवार झाल्यावर लक्षात आलं की हे हाताने उरकणार नाही. मग ट्रॅक्टरवाला बोलावला. अकरा ट्रॉल्या राडारोडा गेला. खाली लागला तो मुरूम आणि त्याला चिकटलेला चुन्याचा पांढरा थर.

आता माती हवी. इथे मी जी चूक केली ती सविस्तर सांगते, कारण नवी बाग करणारा प्रत्येक जण हीच करतो. आम्ही दोन ट्रक लाल माती विकत घेतली. दिसायला देखणी, मऊ, ओली. त्यात मेथी, पालक, कोथिंबीर टाकली. पंधरा दिवसांत मेथी पिवळी पडली. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, जाळी काढल्यासारख्या. माती तपासून घेतली तर सामू, म्हणजे पीएच, ८.४. साताच्या वर गेला की माती अल्कधर्मी. खालच्या चुन्याचा आणि सिमेंटच्या भुकटीचा हा प्रताप. जमिनीत लोह असतं, पण चुनखडीच्या जमिनीत ते मुळांना उचलता येत नाही. मार्च उजाडला तशी ती लाल माती भाजलेल्या विटेसारखी टणक झाली. पाणी घातलं की वरून वाहून जायचं. बरणीत मूठभर माती आणि पाणी घालून हलवून ठेवली. रेती खाली बसली, मग पोयटा, म्हणजे बारीक गाळ, वर चिकण. तरंगायला हवा तो काडीकचरा, सेंद्रिय असं काही, जवळपास नव्हतंच. माती होती, पण तिच्यात जीव नव्हता.

त्याच उन्हाळ्यात मुळशीकडे जाताना रस्त्याच्या कडेला एक टेकडी अर्धी कापलेली दिसली. कापलेल्या भागाचा रंग आमच्या वाफ्यांच्या रंगासारखा होता. आमची दोन ट्रक माती तिथूनच आली असेल असं मी म्हणत नाही. पण अशाच कुठूनतरी आली असणार. त्या दिवसापासून आम्ही माती विकत घेणं बंद केलं. कुणाच्या तरी डोंगराला भोक पाडून आपली बाग करायची, तर लोकांना शिकवणार काय?

मग राहिली पानं.

जानेवारी ते मार्च पुण्यात इतकी पानं गळतात की नजर टाकावी तिकडे ढीग. आमच्या रस्त्यावर विलायती शिरीषाची मोठी झाडं आहेत, आत दोन आंबे, एक पिंपळ, भिंतीपलीकडे करंज. पूर्वी सकाळी झाडलोट झाली की तिथेच काडी लावली जायची आणि अर्ध्या सोसायटीला खोकला. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ नावाचं काम अदिती देवधर यांनी सुरू केलं, ज्यांच्याकडे पानं जास्त आहेत त्यांच्याकडून ज्यांना हवी आहेत त्यांच्याकडे ती पोचवण्याचं. ते ऐकल्यावर मला वाटलं, आपल्याकडे तर देणारे आणि घेणारे दोघं एकाच गेटच्या आत आहेत.

ढिगाचं शास्त्र सोपं आहे, पण त्याला रोजचं लक्ष लागतं. तीन पाट्या वाळलेली पानं, एक पाटी ओला कचरा, थोडं शेण कालवलेलं पाणी, घरातलं आंबट झालेलं ताक. ढीग निदान तीन फूट उंच आणि तेवढाच रुंद हवा, नाहीतर आत ऊब धरत नाही. ओल किती? मूठ दाबली तर बोटांच्या फटीत पाणी चमकावं, थेंब पडू नये. शिरीषाची बारीक पानं दोन महिन्यांत काळी होतात. आंब्याचं पान चिवट, ते सहा महिने तसंच. त्यावर तोडगा आमच्या वॉचमनदादांनी काढला. त्यांनी आंब्याची पानं गेटपासून पार्किंगपर्यंतच्या वाटेवर पसरली. दिवसभर गाड्या त्यांवरून आल्यागेल्या आणि संध्याकाळपर्यंत पानांचा चुरा झाला. ज्या गाड्यांसाठी ही जागा जाणार होती त्यांनीच आमची पानं दळून दिली.

राडारोड्यातली एक वाकडी सळई मी ठेवून घेतली होती. ती ढिगाच्या पोटात खुपसून ठेवायची आणि पाच मिनिटांनी ओढून हात लावायचा. सळई चटका देत असेल तर ढीग जिवंत आहे. गार असेल तर ओल कमी पडली, नाहीतर हवा. चांगल्या ढिगात साठ अंशांच्या आसपास ऊब येते. जानेवारीतल्या एका सकाळी ढीग वरखाली करायला घेतला आणि त्यातून वाफ निघाली. शाळेची बस यायला दहा मिनिटं होती, सगळी मुलं धावत आली. सी विंगमधल्या एका चिमुरडीने विचारलं, “आत कुणी स्वयंपाक करतंय का?” मी म्हणाले, हो, डोळ्यांना दिसत नाहीत असे कोट्यवधी जण करतायत. तिने सळईला हात लावला, झटकन मागे घेतला आणि मग प्रत्येकाला ती सळईपाशी नेऊन हात लावायला लावत होती. त्या दिवशी बस दोन मिनिटं थांबली.

पोतंभर पानांचं घमेलंभर खत होतं. हे प्रमाण पाहून लोक हिरमुसतात. मला मात्र त्यात एक समाधान वाटतं. कितीतरी वर्षं या शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जाऊन पडला. तिथल्या लोकांनी वास, माश्या, बिघडलेल्या विहिरी सोसल्या आणि शेवटी गाड्या अडवल्या. आमच्या गेटबाहेर न गेलेलं एकेक पोतं मला त्या लोकांच्या दारातून उचलून आणल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या वर्षी मेथी हिरवी आली. सामू अजून आठाच्या वर आहे, तो खतामुळे एकदम उतरत नाही. पण मुळांभोवती ओल आणि सेंद्रिय माल असला की रोप आपली वाट काढतं, हे मी पाहिलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले तिच्याकडे येते.

आषाढातली गोष्ट. पाऊस लागून राहिला होता आणि वाफ्यांत तण बेसुमार वाढलं होतं. आम्ही चौघीपाच जणी खाली बसून ते उपटत होतो. भेंडीच्या वाफ्यात एक लालसर देठांची, मांसल पानांची वेल जमिनीला चिकटून चहूकडे पसरली होती. मी ती मुळासकट उपटून बाजूला ढीग करत होते. आमच्या मजल्यावर तीन घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी पिशवी सांभाळत चालल्या होत्या. त्या थांबल्या. म्हणाल्या, “आवं ताई, ही घोळ हाय. उपटून फेकता व्हय?”

मी विचारलं, घोळ म्हणजे?

“भाजी हाय की. डाळ घालून करायची. जरा आंबट लागती.” त्यांनी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि वाफ्याच्या कडेला उकिडव्या बसल्या. पुढच्या पंधरा मिनिटांत त्यांनी आमच्या तणातून सहा भाज्या काढल्या. ही बारीक पानाची चिघळ. हा तांदुळजा, पेरलेल्या माठासारखाच, पण आपोआप उगवणारा. हा कुंजर. ही पाथरी, हिची पानं कच्चीच भाकरीबरोबर खायची, त्यांच्या बार्शीकडे ज्वारीच्या रानात बायका खुडून तिथेच खातात. हा आघाडा, कोवळा असेल तर. आणि हे मात्र काढा, असं म्हणत त्यांनी गाजरगवताची तीन रोपं दोन बोटांत धरून लांब फेकली. “फूल यायच्या आत काढायचं ह्ये. फूल आलं की बी हज्जार.”

मावशी आमच्याकडे सहा वर्षं येत होत्या. त्यांना शेतातलं कळतं हे मला ठाऊक नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. बार्शीजवळ त्यांची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, दीर कसतो. लग्नाच्या आधीपासून त्या खुरपायला, वेचायला जात. पुण्यात आल्याला सतरा वर्षं झाली. सतरा वर्षं त्या लोकांच्या ओट्यावर भाज्या चिरत होत्या आणि ती भाजी कोणत्या नक्षत्रावर पेरायची, तिच्यावर कोणती अळी पडते, तिचं बी कसं राखायचं हे सगळं त्यांच्या डोक्यात तसंच पडून होतं. त्यांच्यापाशी विद्या होती, फक्त पाय टेकायला वाफा नव्हता.

त्या रात्री मला झोप आली नाही. लोकांना दाखवायला म्हणून बाग काढली होती, आणि दाखवणारी आम्हीच असं गृहीत धरलं होतं. इंटरनेटवर बघून, पुस्तकं वाचून, उत्साहाने. आमच्याच गेटमधून रोज शंभरेक माणसं कामाला आत येतात. स्वयंपाकाला, झाडलोटीला, गाड्या धुवायला, लहान मुलं सांभाळायला. कुणी बार्शीचं, कुणी कळंबचं, कुणी भोरच्या डोंगरातलं. पिढ्यान्‌पिढ्या माती हाताळलेली माणसं. आणि बागेच्या फाटकावर मीच लावलेला बोर्ड होता: ‘फक्त सभासदांसाठी’.

दुसऱ्या दिवशी तो बोर्ड काढला. सभेची परवानगी नंतर घेतली. थोडी कुरबुर झाली. सामान जाईल, भाज्या जातील, वळण पडेल, असं एकदोघांनी बोलून दाखवलं. त्यांचं म्हणणं मला मनापासून चुकीचं वाटतं आणि मी ते तेव्हाही सांगितलं. मावशींना मी विचारलं की रविवारी सकाळी दोन तास बागेत याल का, सोसायटी त्याचे पैसे देईल. पैशाचं ऐकून त्या आधी गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “शिकवायचं पैसं देणार?” मी म्हटलं, शाळेत बाईंना देतात तसे. त्या रविवारी त्या नवं लुगडं नेसून आल्या.

भाजी जाण्याचा प्रश्न तसा पहिल्या वर्षापासून होताच. रात्रीतून दुधी गायब, लिंबाच्या झाडावर एकही लिंबू नाही. सुरुवातीला मला फार लागायचं. चार महिने जपलेला भोपळा सकाळी नसला की घशाशी आवंढा यायचा. आम्ही ‘तोडू नये’ अशी पाटी लावली, कॅमेऱ्याचा उल्लेख केला. काही फरक पडला नाही. मावशींनी वेगळंच सुचवलं. म्हणाल्या, वेलावरचं चांगलं एक फळ बियाला राखायचं आणि त्याला लाल दोरा बांधायचा. त्यांच्या गावात दोरा बांधलेल्या फळाला कुणी हात लावत नाही. बाकीचं लोक नेणारच, खायलाच असतं ते.

म्हणून पाटी बदलली. आता प्रत्येक वाफ्यापाशी एक पाटी आहे, जुन्या शाळेच्या पाट्या, खडूने लिहायच्या. ‘वाफा ४. मेथी. आठ दिवसांत उगवली. पिवळी पडली. कारण जमिनीतला चुना. उपाय चालू.’ ‘वाफा ७. टोमॅटो. मर रोग. सगळी झाडं काढली. इथे दोन वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची लावायची नाही.’ सुरुवातीला हे लिहायला मन तयार होत नव्हतं. पण लोक सगळ्यात जास्त वेळ थांबतात ते फसलेल्या वाफ्यापुढे. ज्याच्या गॅलरीतली मेथी पिवळी पडली आहे त्याला आमची हिरवीगार मेथी बघून काय मिळणार? त्याला पिवळी मेथी बघायची असते आणि पुढे काय केलं ते वाचायचं असतं.

एकदा मी याच्या अगदी उलट वागले. बाग पाहायला बाहेरून काही मंडळी येणार होती, एक स्पर्धा होती. आम्ही आदल्या दिवशी खताच्या ढिगाला हिरवी जाळी गुंडाळली, मर लागलेली झाडं उपटली, पाट्या पुसल्या, कडेने झेंडूच्या कुंड्या आणून मांडल्या. मंडळी आली, फोटो काढले, छान म्हणाली, गेली. आम्हाला प्रशस्तिपत्र मिळालं. ते प्रशस्तिपत्र मी कधी भिंतीवर लावलं नाही. त्या दिवशी तिथे कुणाला काहीच शिकण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी जाळी सोडताना ढीग आतून तापलेला होता आणि मला त्याची क्षमा मागावीशी वाटली.

पौषातली आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोरून हलत नाही. वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा पडला. काळा, चिकट, दाट. त्यात मधूनमधून काळ्या, काटेरी, पाठीवर नारिंगी ठिपके असलेल्या अळ्या फिरत होत्या, तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या. बी विंगच्या काकांनी कळवळून त्या एकेक चिरडायला सुरुवात केली. त्यांचा समज, हीच मोठी झालेली कीड. मावशींना त्या अळीचं नाव माहीत नव्हतं, पण त्यांनी काकांचा हात धरला. “तिला र्‍हाऊ द्या, ती माव्याला खाती.” ती लेडीबर्डची अळी. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला तो देखणा किडा सगळ्यांना ओळखू येतो, त्याचं बाळपण मात्र कुणी पाहिलेलं नसतं. आम्ही मग दोन वेल निवडले. एकावर निंबोळी अर्क मारला, दुसरा तसाच सोडला. अर्क मारलेला आधी स्वच्छ दिसला. तीन आठवड्यांनी दोन्ही वेल सारखे होते. दुसऱ्या वेलाच्या पानांखाली लेडीबर्डचे कोष चिकटलेले होते. काका रोज सकाळी फिरायला जाताना भिंग घेऊन तिथे थांबत. आता ते लहान मुलांना पानं उलटी करून दाखवतात आणि आधी सांगतात की, मी यातल्या खूप मारल्या.

पाण्याचं थोडक्यात सांगते. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो, त्यामुळे बागेला पाणी मागणं शोभत नाही. आम्ही घराघरांतून जुने, झिरपणारे माठ गोळा केले आणि वाफ्यांत गळ्यापर्यंत पुरले. भाज्या धुतलेलं पाणी त्यांत भरायचं आणि वर बशी झाकायची. पाणी मातीतून हळूहळू झिरपतं आणि मुळं माठाच्या दिशेने येतात. एक माठ फुटला तेव्हा त्याच्या बाहेरच्या अंगाला मुळांची पांढरी जाळी घट्ट चिकटलेली होती, वाळ्याच्या पडद्यासारखी. तो तुकडा अजून खोलीत ठेवला आहे.

बियांचं काम अलीकडे सुरू झालं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव आता घराघरांत पोचलं आहे. २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी गावरान वाणांचं बी जपलं, वाढवलं आणि वाटलं. बी विकत घेऊन परसबाग करणं आणि घरचं बी धरून करणं यात काय फरक आहे, हे त्यांच्याकडे पाहिलं की कळतं. आमच्या मावशी दिवाळीला गावी जाऊन आल्या आणि येताना एका फडक्यात गावरान दोडका, काकडी आणि वालाचं बी बांधून घेऊन आल्या. बी चुलीच्या राखेत घोळलेलं होतं. राखेत किडा लागत नाही. फडकं सोडलं तसा चुलीचा वास आला, तो माझ्या माहेरच्या फडताळाचा वास होता.

गेल्या भाद्रपदात ऋषिपंचमीला काय झालं ते सांगते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. नांगराखालच्या जमिनीतलं धान्य नको, भाजी नको, हाताने केलेलं तेवढं चालतं. मंडईत त्या दिवसात ऋषीच्या भाजीचे वाटे दुप्पट दराने विकतात आणि ती भाजी खरंच बैलाविना पिकली का, हे विचारायला कुणाला सवड नसते. ए विंगच्या आजी, वय ब्याऐंशी, त्या सकाळी काठी टेकत बागेत आल्या. म्हणाल्या, “अगं, इथे तर बैल कधी आलाच नाही ना?”

खरंच की. पहार, टिकाव, खुरपं आणि आमचे हात. आमच्या लक्षातही आलं नव्हतं. आजी फाटकाशी खुर्ची टाकून बसल्या आणि एकेक नाव घेत गेल्या. अळूची पानं आणि देठी, लाल माठ, भेंडी, दोडका, पडवळ, भोपळा, मक्याचं कणीस, आंबट चुका. सुरण नव्हता. चुका थोडाच होता. मावशी वेलाखाली वाकून खुडत होत्या, मुलं टोपल्या नेऊन देत होती. आजींनी सांगितलं की या भाजीला फोडणी नाही, मसाला नाही, जे आहे ते त्याच्याच चवीने शिजवायचं. मावशी म्हणाल्या, आमच्यात ह्ये नसतंय, पण कुंजर घाला त्यात, तो बी आपोआप आलेला हाय. आजींनी क्षणभर विचार केला. म्हणाल्या, ऋषींना तर तो सगळ्यात चालेल. मग कुंजरही पडला.

दुपारपर्यंत सदतीस घरांत थोडी थोडी भाजी गेली. कामाला येणाऱ्या बायकांनीही आपापल्या पिशव्या भरल्या. बाग ओरबाडल्यासारखी रिकामी झाली. नुसते वेल, देठ, पाट्या आणि चिखलात उमटलेले पाय. चार वर्षांपूर्वी असं दृश्य पाहून मी रडले असते. त्या दिवशी मी फाटक उघडंच ठेवलं.

संध्याकाळी मांडवाखाली गेले तेव्हा एकच दोडका लटकत होता. मोठा, जून, शिरा टोकदार झालेला. त्याच्या देठाला लाल दोरा. दिवसभर शंभर हात त्या वेलातून फिरले होते आणि त्याला कुणी शिवलं नव्हतं.

पुढे पाऊस गेला, ऊन चढलं, दोडका पिवळा आणि मग तपकिरी होत गेला. दर रविवारी मावशी यायच्या, तो हातात धरून कानाशी न्यायच्या आणि हलवायच्या. दसरा झाल्यावरच्या रविवारी मीही कान लावला. आत काहीतरी किंचित हललं, पण आवाज दबका होता. मी मावशींकडे पाहिलं.

“अजून ओलं हाय,” त्या म्हणाल्या, आणि तो परत मांडवावर सोडून दिला.